अंबाबाईच्या देवळात रांगेतून बाहेर पडल्यावर काय काय बघायचं?

अमरावतीची_लेक
31 जानेवारीला आईला घेऊन कोल्हापूरला येतेय. मागच्या वेळी नुसती धावपळ झाली. रांगेत ताटकळलो, देवीसमोर पोचलो तोवर मागून "चला, पुढं चला" सुरू, आणि डोळे भरून बघायच्या आत बाहेर. आई अजून कुरकुरते, "महाकाली आन् महासरस्वती तिथंच आहेत म्हणतात, मग मले कशा नाही दिसल्या?" यावेळी घाई नाही. कुठून सुरुवात करावी? आईचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घ्या.

पेठेतला_आजोबा
ताई, आईंचं बरोबर आहे. रांग नाकासमोर सरळ जाते आणि ह्या दोघी बाजूला आहेत, म्हणून निम्म्या लोकांच्या नजरेतनं सुटतात.

उत्तरेचा घाटी दरवाजा जवळ पडला तरी पहिल्यांदा महाद्वारातनंच या. देवीचं तोंड पश्चिमेला आणि महाद्वारही पश्चिमेलाच, त्यामुळं तिथं उभं राहिलं की सगळं देऊळ एका रेषेत कळतं. दीपमाळा मागं टाकल्या की गरुड मंडप. लाकडी कमानींचा हा मंडप मूळ देवळापेक्षा बराच अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातला. खांब कुजले म्हणून तो उतरवून परत उभा करायला घेतला, तेव्हा आमच्यासारख्यांचा जीव खालीवर झाला होता. त्याच्या पुढं गणपती चौक, मग कासव चौक. कासव तिथं खाली फरशीत आहे, गर्दीत माणसं माना वर करून चालतात आणि कासव तसंच राहून जातं. पुढं पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा, मग आई अंबाबाई.

आता तुमच्या आईंचा प्रश्न. देवीकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला महाकाली. उजव्या हाताला, दक्षिणेला महासरस्वती. दोघींना स्वतंत्र गाभारे आहेत, पण इमारत तीच. रांगेतनं मोकळं झालं की परत आत वळून आधी त्यांचं दर्शन घ्या आणि मगच बाहेर पडा. बाहेरनं पाच शिखरं दिसतात ती ह्याच हिशेबानं: तीन देवींची तीन, मधलं कूर्म मंडपावर म्हणजे कासव चौकावर, पाचवं पश्चिमेला गणपतीच्या बाजूला.

मूर्ती नीट बघायची तर आधी काय बघायचं ते माहीत पाहिजे. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र. मागं सिंह आहे, पण साडी-दागिन्यांत तो कुठला दिसतोय! मधल्या धामधुमीच्या काळात मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि 1715 च्या दसऱ्याला पुन्हा बसवली. त्यामुळं दसरा आम्हाला दुप्पट.

दगडवेडा
आजोबांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. बाहेरच्या भिंतींशी एक तास काढा. खाली काळ्या दगडात योगिनी, अप्सरा, वादक आहेत. शिखरं मात्र नंतरची, चुन्यातली, हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. पूर्व बाजूला शेषशायी विष्णूचं देऊळ आहे. त्याच्यापुढच्या मंडपात जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. त्यावरून "देऊळ मुळात कोणाचं" हा वाद मंडळी हौसेनं घालतात. मी म्हणतो, आधी मान वर करून छत बघा, मग भांडा. नवग्रहांचा मंडपही चुकवू नका. घाटी दरवाजाजवळचं मनकर्णिका कुंड मधे कित्येक वर्षं बुजवलेलं होतं, अलीकडे उकरून मोकळं केलंय.

अमरावतीची_लेक
दोघांचे आभार! वर माडीवर शंकराचं देऊळ आहे म्हणतात, ते खरं का? आणि 31 तारखेला किरणोत्सव असतो ना? आम्हाला दिसेल?

पेठेतला_आजोबा
खरं आहे. देवीच्या गाभाऱ्याच्या बरोबर वर मातृलिंग आहे, पण ते रोज उघडं नसतंय. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार अशा ठरलेल्या दिवशीच. शिवाय दगडी पायऱ्या अवघड आहेत, आईंना खालूनच नमस्कार करू दे.

किरणोत्सव 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, तसाच नोव्हेंबरात 9 ते 11. मावळतीचं ऊन ताराबाई रोडवरनं महाद्वारात शिरतं आणि मी वर सांगितलेल्या त्याच रेषेनं सरकत जातं. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा, असं मानतात. पण ढग आले, हवेत धूर-बाष्प असलं, वाटेत कुणाचा मजला किंवा फलक आडवा आला, की उंबऱ्यापाशीच किरणं संपतात. देऊळ बांधणाऱ्यानं गणित चोख केलं होतं ओ, आमच्या पिढीनंच आडवं बांधकाम केलं.

त्या वेळी आत उभं राहायला मिळेल ह्या आशेवर आईंना चेंगराचेंगरीत नेऊ नका. दर्शन सकाळी उरका, दुपारी खोलीवर आराम, आणि संध्याकाळी पाचच्या आत आवारात जागा धरा. बाहेर पडद्यावर दाखवतात, ते बसूनही दिसतंय. शुक्रवारपर्यंत मुक्काम असेल तर रात्री पालखी असते, तिला या. आणि दगडवेडा, योगिनी-बिगिनी दाखवायला त्या काकूंना उन्हात तासभर उभं करू नका म्हणजे झालं.

दगडवेडा
आजोबा, उत्तरेच्या भिंतीला सावली असते. तिथूनच सुरू करतो.