मजला चढवला की पाडून बांधलं? तुमचे अनुभव सांगा

सातारकर: घर १९८६चं, विटांच्या भिंतींवर स्लॅब. भावाचं लग्न ठरलंय, जागा पुरत नाही. मिस्त्री म्हणतो, "बिनधास्त चढवा," आणि बाबांना ते पटलंय. ज्यांनी केलंय त्यांनी खर्चापेक्षा डोकेदुखी काय झाली ते लिहा.

कऱ्हाडची सून: मिस्त्रीला काम सांगा, सल्ला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा घ्या. आमचंही लोडबेअरिंग, म्हणजे कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर. इंजिनिअरने आल्याआल्या एका कोपऱ्यात पाया उकरायला लावला. निघाली दगड-मातीची जोडाई, सिमेंटचा पत्ता नाही! पाच इंची स्लॅबचं नुसतं वजनच चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर; भिंती, टाकी, माणसं वेगळी. शिवाय १९६७चा कोयनेचा भूकंप सासूबाईंनी अनुभवलेला, त्या काही ऐकेनात. पाडलंच. सागवानी चौकटी तेवढ्या नव्या घरात बसवल्या.

नाशिकचा बापू: आम्ही चढवला, छान चाललंय. घर कॉलमचं, वडिलांनी पुढचा विचार करून गच्चीवर सळया सोडलेल्या. पण त्या उघड्याच, गंजून पापुद्रे सुटलेले. इंजिनिअरने कॉलमचं डोकं फोडून खालची चांगली सळई उघडी केली आणि तिथून नवी जोडली. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (गळू नये म्हणून घातलेला वीट-तुकड्यांचा थर) आधी काढायला लावला, तेवढाच भार कमी. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या. विटेच्या मानाने वजन साधारण तिसरा हिस्सा.

त्रास म्हणाल तर आम्ही खालीच राहत होतो. कोबा निघाला म्हणजे छत उघडं पडलं. वर स्लॅबला पाणी मारलं की खाली पंख्याच्या हुकातून धार! गादीवर ताडपत्री घालून झोपायचो. शक्य असेल तर भाड्याने खोली घ्याच.

पेठेतली: आमचं घोडं कागदांवर अडलं. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच. आत्यांची हक्कसोडपत्रं होईपर्यंत वीटही हलली नाही. आणि पाडलंत की आजचे नियम लागू. जुनं घर शेजारच्या भिंतीला टेकलेलं, नव्याला बाजूने जागा सोडावी लागली. पुढची खोली गेली ती गेलीच. मजल्यालाही परवानगी लागतेच, "आपल्याच गच्चीवर आपण" असं चालत नाही.

चिपळूणकर: २०२१च्या पुरात खालचं सगळं गेलं, त्यामुळे वर मजला हवाच होता. जांभ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकायला इंजिनिअर तयार होईना. शेवटी घराबाहेरून वेगळे कॉलम, वेगळा पाया, वरचा मजला त्यावर. जुन्या भिंतींवर भार शून्य. स्वस्त नाही हो, पण आईचं देवघर हललं नाही.

सातारकर: पाया उकरल्याने भिंतीला धोका नाही ना?

कऱ्हाडची सून: इंजिनिअर समोर हवा. एकाच ठिकाणी, हाताने, आणि बघून झालं की लगेच भरून ठोकून घ्यायचं. जेसीबी बोलावू नका. पावसाळ्याच्या आत उरका.