शिकारीसाठी पीसीपी एअर रायफल : गरज की हौस?

शेफील्डकर (धागाकर्ता)

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि एखाद्या शेतमालकाकडून सशांचा किंवा रानकबुतरांचा बंदोबस्त करण्याची परवानगी मिळालेल्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढतो आहे. माझे मत स्पष्ट आहे. जिवंत प्राण्यावर नेम धरायचा असेल, तर आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, म्हणजे पीसीपी, रायफलच घ्यावी. स्प्रिंगची बंदूक कागदी लक्ष्यापुरती ठेवावी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रमाणपत्राशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ ज्यूल, इतकीच आहे. एवढ्या ऊर्जेत ससा जागीच मरायचा असेल तर छरा डोक्यात, जेमतेम इंचभर रुंदीच्या जागेत, बसावा लागतो. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून छरा नळीतून बाहेर पडेपर्यंत जड पिस्टन पुढे धावून थडकतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे हलते, आणि ती प्रत्येक वेळी नेमकी त्याच सैलपणाने धरली नाही तर छरा भलतीकडे जातो. पीसीपीत हातोडी झडपेवर आदळते, मोजकी हवा सुटते आणि छरा निघतो. धक्का जाणवतच नाही. ओल्या बांधावर पालथे पडून किंवा झाडाच्या बुंध्याला टेकून नेम धरणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

जुना_नेमबाज

धागाकर्त्यांनी यंत्राचे वर्णन बरोबर केले आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. स्प्रिंगची बंदूक अवघड आहे म्हणूनच ती नवशिक्याला त्याची मर्यादा शिकवते. तिच्यावर हात बसलेला माणूस पंचवीस यार्डांपलीकडे चाप ओढताना दोनदा विचार करतो. पीसीपी हाती आलेला माणूस मात्र पहिल्याच आठवड्यात बाकावर टेकवून चाळीस यार्डांवर नाण्याएवढ्या जागेत छरे बसवतो आणि शेतावर उभ्याने, वाऱ्यात, तीच अचूकता गृहीत धरून ससा जखमी करतो. बाकावरची अचूकता रायफलीची असते, शेतावरची माणसाची, आणि हे ध्यानात येईपर्यंत काही प्राण्यांचे हाल झालेले असतात.

खर्चाबद्दल तर धाग्यात अवाक्षरही नाही. चांगली पीसीपी, दुर्बीण, आवाज दाबणारी नळी, ३०० बार दाबाची, पाणबुडे वापरतात तशी हवेची बाटली आणि भरणीची नळी हे सगळे धरले तर आकडा हजार पौंडांच्या पुढे सहज जातो. ती बाटली ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावी लागते, ती रिकामी झाली की दुकान गाठावे लागते, आणि सील गळू लागले तर नेमक्या निघायच्या दिवशी रायफल मुकी होते. स्प्रिंगच्या बंदुकीला सांध्यावर नळी दुमडून दट्ट्या ताणला की पुरते.

पूर्वा_ब्रिस्टल

जुना_नेमबाज, तुमचा मुद्दा प्रशिक्षणाचा आहे, हत्याराचा नाही. नवशिक्याने शिस्त शिकावी हे मान्य, पण ती शिकण्याची किंमत सशाने का मोजावी? पीसीपी घेऊनही कागदावर उभ्याने आणि गुडघ्यावर बसून सराव करता येतो. ज्या अंतरावर दहापैकी दहा छरे इंचभर वर्तुळात बसतात तेच आपले अंतर, हा नियम दोन्ही बंदुकांना सारखाच लागू आहे.

हवा भरण्याबद्दल मात्र थोडी भर घालते, कारण दुकानदार हे क्वचितच सांगतात. हातपंप स्वस्त पडतो, पण इंग्लंडच्या दमट हवेत तो पाण्याची वाफही टाकीत कोंबतो आणि कालांतराने आतून गंज व झडपेची दुखणी सुरू होतात. पंप घेतलाच तर ओलावा शोषणारी गाळणी लावावी आणि मध्ये मध्ये थांबून तो थंड होऊ द्यावा. सीलला सिलिकॉनचे ग्रीसच लावावे. खनिज तेल उच्च दाबाखाली पेट घेऊ शकते. कोरड्या हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन भरण्याचा विचारसुद्धा करू नये, कारण त्यात स्फोटाचा धोका आहे.

डेव्हनचा_शेतकरी

पीसीपी म्हणजे आजकालच्या पैसेवाल्यांचे खेळणे, असा सूर अनेकदा लागतो म्हणून एक अवांतर. टाकीत हवा भरून चालणारी जिरार्दोनीची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८०च्या सुमारास स्वीकारली होती, आणि १८०४ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांच्या तुकडीबरोबरही एक हवेची रायफल होती. स्टॅफर्डशायरच्या डेस्टेट कंपनीने ही पद्धत आपल्या काळात शिकारी रायफलींत पुन्हा रुजवली.

आता धाग्यात निसटलेला मुद्दा : नळीचा व्यास .१७७ इंच की .२२ इंच? ऊर्जेची मर्यादा एकच असल्यामुळे ८.४ ग्रेन वजनाचा .१७७चा छरा सेकंदाला साधारण ७८५ फूट वेगाने निघतो, तर १६ ग्रेनचा .२२चा छरा ५७० फुटांच्या आसपास. ३० यार्डांवर नेम बरोबर बसेल अशी दुर्बीण जुळवली, तर ४५ यार्डांवर .१७७चा छरा सुमारे दोन इंच खाली जातो आणि .२२चा त्याच्या जवळपास दुप्पट. शेताच्या कडेला अंतर नजरेने ओळखताना पाच यार्डांची चूक कोणाचीही होते. त्या चुकीला .१७७ अधिक माफ करते. .२२ मोठी जखम करते आणि अधिक धक्का देते, हा तिच्या चाहत्यांचा युक्तिवाद खरा आहे. पण जिथे छरा मेंदूतच बसला पाहिजे तिथे मी आधी अचूकता पाहतो. माझी निवड .१७७.

जुना_नेमबाज

येथे माझा पूर्ण विरोध आहे. अंतर ओळखता येत नसेल तर अंतर मोजणारे यंत्र घ्यावे, नाहीतर जवळ सरकावे. छऱ्याच्या सरळ रेषेवर विसंबून लांबून मारणे ही आळशी शिकार झाली. खारीच्या जाड कवटीवर किंवा किंचित चुकलेल्या नेमावर .२२चा रुंद छरा अधिक खात्रीने काम करतो, हे मी पाहिले आहे. शिवाय थंडीने बधिर झालेल्या बोटांत .१७७चे बारके छरे धरून दाखवा.

शेफील्डकर (धागाकर्ता)

बोटांचा मुद्दा मान्य, म्हणूनच मॅगझिनवाली पीसीपी सोयीची. निवड करताना रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक छऱ्यामागे सारखाच दाब देणारा भाग, आहे की नाही हे मात्र पाहावे. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत टाकी पूर्ण भरलेली असताना वेग थोडा कमी असतो, दाब उतरत गेला की तो वाढून स्थिरावतो आणि शेवटी पुन्हा घसरतो. मधल्या टप्प्यातच शिकार करायची, हे माहीत असेल तर तीही वाईट नाही.

याहून महत्त्वाची बाब कायद्याची. पीसीपीत छरा जितका जड तितकी ऊर्जा सहसा वाढते. त्यामुळे हलक्या छऱ्याने ११.५ फूट-पाउंड दाखवणारी रायफल जड छऱ्याने १२च्या वर जाऊ शकते, आणि तशी रायफल प्रमाणपत्राविना बाळगणे हा गुन्हा आहे, तुमचा हेतू काहीही असो. वेगमापकावर आपल्याच डब्यातले छरे तपासून घ्यावेत. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६पासून १२च्या आतल्या रायफलीलाही परवाना लागतो, हे तिकडे शिकारीला जाणाऱ्यांनी विसरू नये.

अनघा_रीडिंग

तुम्ही सर्वजण ‘कशाने मारावे’ यावर हिरिरीने बोलत आहात, ‘मारावे का’ यावर कोणीच बोलत नाही. रानकबुतर मारण्याची मुभा इंग्लंडच्या जीएल४२ या सर्वसाधारण परवान्याखाली आहे आणि तो परवाना पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी आहे. रविवारच्या करमणुकीसाठी नाही. बुजगावणी, जाळी, कुंपण हे उपाय आधी करायला हवेत. पीसीपीसारखे महागडे हत्यार घेतलेला माणूस ते वापरण्याचे निमित्त शोधत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

डेव्हनचा_शेतकरी

अनघाताई, आमच्या मोहरीच्या शेतावर हिवाळ्यात कबुतरांचा थवा उतरला की बुजगावण्याची भीती दोनचार दिवसांत संपते. तरीही तुमचा शेवटचा आक्षेप मला झोंबला, कारण माझ्याकडे परवानगी मागायला येणाऱ्यांत नुकसानीची चौकशी करणारे थोडे आणि रायफलीचे कौतुक सांगणारे बरेच असतात. पहिल्या प्रकारच्या माणसालाच मी शेतावर येऊ देतो. तुम्ही सुचवलेल्या कुंपणाने ससे अडतात, कबुतरे अडत नाहीत.

रानवेडा_सिंधुदुर्ग

हा धागा महाराष्ट्रातही वाचला जाईल, म्हणून लिहितो. आमच्याकडे वानर आणि रानडुकरांनी बागायतदार जेरीस आला आहे आणि ‘पीसीपी घेऊन टाकू’ असे कट्ट्यावर ऐकू येते. शस्त्र नियम २०१६नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा .१७७पेक्षा मोठ्या नळीच्या एअर रायफलीला परवाना लागतो, म्हणजे वर चर्चिलेली .२२ येथे परवान्याशिवाय घेता येणार नाही. मुख्य अडसर त्याच्याही पुढे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली प्राण्याला जखमी करणे किंवा तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते, आणि त्यासाठी हत्यार कोणते होते याने फरक पडत नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी वनविभागाकडे रीतसर अर्ज करण्याचा मार्ग आहे, तो किचकट असला तरी तोच आहे. आणि परवानगी मिळाली तरी रानडुकरावर १६ ज्यूलचा छरा झाडणे म्हणजे त्याला केवळ घायाळ करून चिडवणे होय.

पूर्वा_ब्रिस्टल

रानवेडा यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. इकडेही १२ फूट-पाउंडची रायफल कोल्ह्यावर वापरू नये असेच जाणते सांगतात. ससा, कबुतर, उंदीर आणि करडी खार एवढेच तिचे क्षेत्र. जुना_नेमबाज, तुम्ही .२२ने खार किती अंतरावरून मारता, हे मात्र अजून सांगितलेले नाही.