कोकणात शेतात छोटं लाकडी घर टाकायचंय, परवानगी नक्की कुणाची घ्यायची?

कलमवाला_52
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या वरच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर 0.52.60, म्हणजे 52 गुंठे, बरीचशी वरकस (हलकी, गवताची) आणि थोडी आंबा-काजूची कलमं. गावठाणापासून दोन किलोमीटर आत, शेवटचा टप्पा पायवाटच. तिथे 12 बाय 20 फुटांची लाकडी केबिन टाकायचीय, एक खोली, पुढे पडवी, मागे संडास-बाथरूम, बस. मी आणि आई महिन्यातून चार-पाच दिवस राहणार, कलमांकडे बघणार. पण जो तो वेगळं सांगतोय. केबिनवाला म्हणतो पक्कं बांधकामच नाही, परवानगी लागत नाही. चुलतभाऊ म्हणतो ग्रामपंचायतीचा ठराव घे, घरपट्टी लावून घे, झालं काम. तालुक्याला एकजण म्हणाला आधी एनए (बिगरशेती) करा. सातबाऱ्यावर आमची आणि दोन काकांकडची मिळून सात नावं आहेत, म्हणून मी म्हणतोय आधी वाटप करून माझा हिस्सा वेगळा काढावा. आई 71 वर्षांची आहे हो, तिला तिथे राहायला मिळावं एवढीच इच्छा आहे, कागदात वर्षं गेली तर काय उपयोग. सुरुवात कुठून करू?

सडा_आणि_पाऊस
दादा, आधी एक काम करा, वाटप थांबवा! फार्महाऊसची सगळी गणितं 0.40 हेक्टरवर, म्हणजे साधारण एकरावर बसलेली आहेत. जमीन महसूल संहिता 1966, कलम 41 बघा, धारण क्षेत्र 0.40 च्या वर आणि 0.60 पर्यंत असेल तर एक शेतघर, जोतं 150 चौरस मीटरपर्यंत. तुम्ही आज 52 गुंठ्यांवर त्यात आरामात बसताय, केबिन तर जेमतेम 22 चौरस मीटरची आहे. तीन घरांत वाटप केलंत की प्रत्येकाच्या वाट्याला सतरा गुंठे येणार आणि मग तुम्ही स्वतःच्या हाताने बाहेर पडलात, वर तुकडेबंदी (शेतजमिनीचे फार छोटे तुकडे पाडू न देणारा कायदा) आडवी येते ती वेगळीच. त्यापेक्षा सगळ्या सहहिस्सेदारांची संमती स्टॅम्पवर नोटरी करून घ्या आणि अख्ख्या गटावर अर्ज करा. त्या संमतीपत्रात केबिनची जागा, माप आणि खर्च कोणाचा हे स्पष्ट लिहा, नाहीतर दहा वर्षांनी काकांची मुलं विचारतील हे घर कोणाचं.

आणि एनए कशाला? तुम्ही शेती करताय, कलमं आहेत, शेतघर हा शेतीचाच वापर धरतात. गावठाणापासून 200 मीटरच्या आत असतात तर कलम 42ड चा फायदा मिळाला असता, पण तुम्ही दोन किलोमीटरवर आहात, म्हणून तो रस्ता तुमच्यासाठी नाही. अर्ज महसूलकडे, नकाशाची छाननी नगर रचनाकडे. नियम डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या युडीसीपीआरचे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीचे, प्रादेशिक योजनेत तुमचा गट शेती झोनमध्ये आहे का त्याचा झोन दाखला आधी काढा.

भाताची_खाचरं
ग्रामपंचायतीच्या ठरावावर अजिबात जाऊ नका, आमचं सांगते. 2019 ला आमच्या ठेकेदाराने हेच सांगितलं होतं, ठराव आहे ना मग चला, म्हणून आम्ही चिऱ्याची दीड खोली उभी केली, घरपट्टीची पावती पण होती, नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत, नोंद पण होती. पुढच्या वर्षी कुणीतरी तक्रार केली आणि विनापरवाना बांधकामाची नोटीस आली. तेव्हा कळलं की घरपट्टी म्हणजे फक्त कर घेतला, बांधकाम कायदेशीर झालं असं नव्हे. दंड भरला, पडवी पाडावी लागली, सासऱ्यांनी स्वतः लावलेले वासे उतरवताना बघवत नव्हतं. आणि केबिनवाल्याचं ते "पक्कं नाही" वालं बोलणं पण सोडून द्या, कायदा चाकं नि नटबोल्ट बघत नाही, माणूस राहणार, संडास असणार, तर ते बांधकामच धरतात.

मोजणी_नकाशा
वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण झोन दाखल्याच्याही आधी सातबाऱ्याचा इतर हक्क रकाना आणि जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) वाचा, अगदी 1975 च्या मागेपर्यंत. त्या वर्षी 30 ऑगस्टपासून खाजगी वन संपादन कायदा लागू झाला आणि कोकणात कित्येक वरकस जमिनींवर खाजगी वनाचे शेरे पडले. असा शेरा असेल तर केबिन काय, गोठा पण अडकतो, आणि ते फार्महाऊसच्या अर्जाने सुटत नाही. मी मोजणीच्या कामात आहे, लोक केबिनचा ॲडव्हान्स देऊन बसतात आणि मग फेरफार काढायला येतात, जीव तुटतो बघून.

दुसरं उतार. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम मिळत नाही आणि सह्याद्रीच्या पायथ्याला हाच मुद्दा येतो. जागा ठरवताना लेव्हलची पाण्याची नळी लावून स्वतः मोजा, डोळ्याला सपाट वाटतं ते सपाट नसतं. पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठाला तर जाऊच नका, पावसात तो कुठवर फुगतो ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आंबा, फणस, ऐन, किंजळ मध्ये येत असतील तर तोडीची परवानगी वेगळी लागते, ती विसरू नका. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राची भीती मात्र घेऊ नका, 2024 च्या मसुद्यातली बांधकामबंदी 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या इमारतींची आहे, तुमच्या 22 ची नाही. तरी गाव त्या मसुद्याच्या यादीत आहे का ते बघून ठेवा.

क प्रत नकाशा, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, काढून घ्या, शेजाऱ्याच्या बांधाला केबिन लागली तर सगळं मुसळ केरात.

सडा_आणि_पाऊस
एक राहिलं, पायवाट कोणाच्या बांधावरून जाते? सामान न्यायला अडवलं तर कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण आधी शेजाऱ्याकडे जाऊन बसून बोला. आणि पुढेमागे पाहुण्यांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर शेतघराची परवानगी त्याला पुरत नाही, कृषी पर्यटनाची नोंदणी वेगळी.

कलमवाला_52
सगळ्यांचे मनापासून आभार, वाटपाचा अर्ज टाकणारच होतो, वाचलो. शनिवारी गावी जाऊन आलो. फेरफार काढले, वनाचा शेरा कुठेच नाही, आईने तिथेच हात जोडले. जांभळाखालची जी जागा मनात होती तिथे नळी लावली, तर 6 मीटरात 1.4 मीटर उतार निघाला, म्हणजे ती गेली. मग आई म्हणाली विहिरीच्या वर जुन्या मांगराचं (शेतातल्या खोपीचं) जोतं असेल बघ, पालापाचोळा बाजूला केला तर खरंच चिऱ्याच्या दोन ओळी निघाल्या, आणि तिथला उतार हाताभराचा पण नाही. मोठ्या काकांनी संमतीवर सही केलीय, धाकटे काका मुंबईला आहेत, त्यांच्याकडे रविवारी जातोय. मोजणीचा अर्ज सोमवारी भरतो.