सहा जणांचे कुटुंब आणि तीन दिवसांची मुंबई: भाड्याची गाडी करावी की लोकल, बस, मेट्रोने फिरावे?

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार. दिवाळीच्या सुटीत आम्ही सांगलीहून मुंबई पाहायला जाणार आहोत. आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि माझे आई-वडील असे सहा जण आहोत. वडील 76 वर्षांचे असून काठी टेकत बरेच चालू शकतात. आई 70 वर्षांची आहे आणि जिना चढताना तिचे गुडघे फार दुखतात. गेटवे, घारापुरीची लेणी, राणीची बाग, सिद्धिविनायक आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एवढे पाहायचे आहे. वडिलांनी आयुष्यभर घारापुरीचे नाव काढले, पण जाणे कधी झाले नाही, त्यामुळे ते तरी नक्की घडावे अशी इच्छा आहे. सोमवारी सकाळी पोहोचून त्याच दिवशी गेटवे व घारापुरी, मंगळवारी सिद्धिविनायक व वस्तुसंग्रहालय, बुधवारी राणीची बाग आणि रात्री परत, असा बेत मांडला आहे.

सात आसनी गाडी तीन दिवस ठेवायची, तर भाडे, डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि त्याची राहण्याची सोय मिळून खर्च आमच्या हाताबाहेर जातो. लोकलने फिरावे, तर आई-वडिलांना गर्दी झेपेल का, ही काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माहुलीकर, सातारा

गाडीचा विचार सोडून द्यावा, असे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून गाडी ठरवून गेलो होतो. गेटवेजवळ गाडी उभी करायला जागा मिळेना, म्हणून चालक आम्हाला उतरवून पुढे गेला आणि परत बोलावल्यावर तो कोंडीतून आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत माझी सासू पाऊण तास उन्हात फुटपाथच्या कठड्यावर बसून होती. ज्या वृद्ध माणसांसाठी म्हणून गाडी केली, त्यांनाच सर्वांत जास्त त्रास झाला, याचे मला आजही वाईट वाटते.

तासगावचा दादरकर

माझे मूळ गाव तासगाव असून नोकरीमुळे मी बारा वर्षे मुंबईत राहतो, आणि गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांना फिरवण्याचे काम दर सुटीत माझ्याकडेच असते. त्यावरून सांगतो की, गर्दी झेपेल का हे मुख्यतः आपण मुक्काम कोठे करता यावर ठरते.

सकाळी आठ ते अकरा या वेळेत लोंढा उपनगरांकडून सीएसएमटी आणि चर्चगेटकडे येत असतो आणि संध्याकाळी साडेपाचनंतर तोच लोंढा उलट जातो. स्वस्त खोली मिळते म्हणून ठाणे किंवा बोरिवलीला उतरलात, तर दोन्ही वेळा आपण त्या लोंढ्यातच सापडाल. त्याऐवजी फोर्ट किंवा सीएसएमटी परिसरात साधे लॉज घेतले, तर सकाळी आपण गर्दीच्या उलट दिशेने जाल आणि संध्याकाळी उलट दिशेनेच परत याल. खोलीचे थोडे जास्त पैसे जातील, परंतु आईंना डब्यात बसायला जागा मिळेल, आणि ती किंमत मला फार वाटत नाही.

आता खर्चाचे पाहू. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट आजही 5 रुपये आहे आणि त्यात सीएसएमटीहून भायखळा, अगदी दादरपर्यंतही जाता येते. राणीची बाग भायखळा स्टेशनच्या पूर्वेला चालण्याच्या अंतरावर आहे. बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट मे 2025 पासून 10 रुपये आणि वातानुकूलित बसचे 12 रुपये झाले आहे. काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे किलोमीटरमागे साधारण 21 रुपये घेते. सीएसएमटी ते गेटवे हे अडीच किलोमीटरच्या आसपासचे अंतर आहे. बसने पाच तिकिटांचे पन्नास-साठ रुपये होतील. टॅक्सीत चारच प्रवासी घेत असल्याने दोन टॅक्सी कराव्या लागतील आणि त्यांचे मिळून शंभराच्या थोडे पुढे जातील. इथे चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यासाठी आईंना बसच्या पायऱ्या चढायला लावू नयेत. पैसे लांबच्या अंतरावर वाचवावेत आणि जवळच्या अंतरावर खर्च करावेत, असा माझा नेहमीचा हिशेब असतो. रिक्षा मात्र दक्षिण मुंबईत चालत नाही; ती वांद्रे आणि सायनच्या पलीकडेच मिळते.

सिद्धिविनायकासाठी मेट्रो घ्यावी. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिच्यावर सीएसएमटी, हुतात्मा चौक व सिद्धिविनायक ही तिन्ही स्थानके आहेत. तिकीट अंतराप्रमाणे 10 ते 70 रुपये आहे. लोकलपेक्षा महाग असली, तरी स्थानकांत लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे गुडघेदुखीच्या माणसासाठी यापेक्षा सोयीचे साधन मुंबईत दुसरे नाही.

एक गोष्ट घरातून निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवा. लोकल स्टेशनवर अर्धा मिनिटही थांबत नाही. गेल्या मे महिन्यात दादरला माझा भाचा डब्यात चढला आणि बहीण फलाटावरच राहिली. नऊ वर्षांचा तो मुलगा दाराच्या दांड्याला धरून तिच्याकडे पाहत राहिला आणि गाडी सुटली. आधी ठरलेले होते म्हणून तो पुढच्या स्टेशनवर उतरून इंडिकेटरखाली उभा राहिला आणि दहा मिनिटांत सापडला. मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडायची आणि पुढे गेलेल्याने पुढच्याच स्टेशनवर थांबायचे, हे मुलीकडून पाठ करून घ्या. मुलाच्या खिशात आपला मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

मिरजकर

जाण्या-येण्याविषयी थोडे लिहिते. एसटीने गेलात, तर महिलांना निम्मे भाडे असल्याने आपल्या पत्नी, आई आणि मुलगी यांची अर्धी तिकिटे, 75 वर्षांवरील म्हणून वडिलांचा प्रवास मोफत आणि पाच वर्षांखालील मुलाचेही तिकीट नाही. म्हणजे सहा जणांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. वडिलांचे आधार कार्ड सोबत ठेवावे. तरीही जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेसच घ्यावी, असे मला वाटते, कारण रात्रभर आडवे होता आले, तरच दुसऱ्या दिवशी फिरणे जमेल. आई-वडिलांचे तिकीट दोघांचे वेगळे काढले, तर ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचे बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते आणि दिवाळीत ते लगेच भरते. दादरला न उतरता सीएसएमटीलाच उतरा. ते शेवटचे स्टेशन असल्याने सामान सावकाश काढता येते.

विश्रामबागकर, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. फोर्टमध्ये खोली पाहतो आणि आज रात्रीच दोन वेगळी तिकिटे काढतो. आईला घारापुरीला न्यावे का?

तासगावचा दादरकर

लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या आहेत. वर नेण्यासाठी डोली मिळते, पण बोटीत चढता-उतरतानाही पाय उचलावा लागतो आणि जाण्याचाच तासभर लागतो. आईंना सूनबाईंसोबत वस्तुसंग्रहालयात सोडून आपण वडिलांना आणि मुलांना घेऊन जावे. संग्रहालय गेटवेपासून पाच-सात मिनिटांवरच आहे.

आपल्या बेतात मात्र एक मोठी चूक आहे, ती आत्ताच लक्षात आली. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. शिवाय मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग फार मोठी असते. तेव्हा सोमवारी राणीची बाग, मंगळवारी सकाळी पहिल्या बोटींपैकी एखादीने घारापुरी आणि बुधवारी सिद्धिविनायक, असे करा. बागेत दोन मोठे व दोन मुले यांचे एकत्रित तिकीट मिळते, ते आपण दोघे व मुलांसाठी मागून घ्या.