शिंगाडे काढायला वेटसूट घ्यायचा आहे, किती जाडीचा घेऊ?

तलावकाठ (अर्जुनी मोरगाव तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं गाव नवेगाव बांधच्या बाजूला. बाबा गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात शिंगाडे काढतात. दिवाळीपर्यंत काही वाटत नाही, पण डिसेंबर लागला की हाल बघवत नाहीत. अंगाला जवसाचं तेल चोळायचं, ट्यूबवर पोट टेकवायचं आणि तीन-तीन तास छातीभर पाण्यात राहायचं. बाहेर आले की बोटं इतकी आखडलेली असतात की शर्टाची बटणं आई लावून देते. वय 58. काम सोडा म्हणून सांगता येत नाही, त्याच्यावरच घर आहे.

थंड समुद्रात सर्फिंग करणारे काळे रबरी सूट घालतात, त्यांचे व्हिडिओ पाहिले. त्यावर 3/2, 4/3, 5/4 असे आकडे असतात. सकाळी सहाला मी तलावात थर्मामीटर धरला तर पाणी 17 आणि बाहेर हवा 9 अंश होती. सगळ्यात जाड घेतला तर सगळ्यात गरम राहील, बरोबर ना?

धानाची_बांधी

भाऊ, एवढा खर्च काऊन करता? मासेमारीवाले छातीपर्यंतची रबरी पँट घालतात, बूट त्यालाच जोडलेले असतात. अंग कोरडं राहते. तेच घ्या.

साकोली_ते_लाहिंच

तलावकाठ भाऊ, मी मूळचा साकोलीचा. आता आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहिंचजवळ राहतो आणि बाराही महिने सर्फिंग करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या छातीभर पँटचं. काठाकाठानं गुडघाभर पाण्यात चालायला ती ठीक आहे. पण तुमचे बाबा छातीभर पाण्यात असतात आणि खाली गाळ. पाय घसरला, वरून पाणी आत शिरलं की पँट भरते, आणि भरलेल्या पँटनं गाळातून पाय उपसून काठ गाठणं फार कठीण. कृपा करून ती घेऊ नका. वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात. त्यांनीच ऊब धरून राहते आणि त्यांनीच माणूस तरंगतो.

आता जाडी. पहिला आकडा छाती-पाठीचा, दुसरा हातापायांचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र 8-9 अंशांवर येतो. तेव्हा आम्ही 5/4 घालतो, सोबत टोपी, मोजे, हातमोजे. ऑगस्टमध्ये पाणी 15-16 असतं, म्हणजे तुमच्या डिसेंबरच्या तलावाच्या जवळपास. त्यात इथले बरेच जण 3/2 वर भागवतात. पण सर्फिंग करणारा सतत हात मारत असतो, त्यातून अंग तापतं. तुमचे बाबा एका जागी राहून वेल उलटवतात, शिंगाडे तोडतात, हालचाल फक्त हातांची. म्हणून एक पायरी वर, 4/3 घ्या. 5/4 नको. त्यात खांदे जड होतात, आणि आपल्याकडे दहा वाजता ऊन चढलं की माणूस आत उकडून निघतो.

जाडीपेक्षा माप महत्त्वाचं, हे माझं ठाम मत आहे. सूट अंगाला सालीसारखा चिकटला पाहिजे. कमरेच्या खळग्यात, काखेत किंवा जांघेत पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीला गार पाणी आतबाहेर करतं. मग 5 मिलिमीटरचाही उपयोग नाही. पाणी हवेच्या 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढतं, म्हणून आत शिरलेला पाण्याचा पातळ थर तिथंच थांबला पाहिजे. शिवणही बघा. उलटी-सुलटी सपाट टाके दिसणारी शिवण भोकाभोकांतून पाणी घेते. आधी चिकटवून मग आरपार न जाणाऱ्या टाक्यांनी शिवलेला सूट घ्या.

चेन पाठीवरची घ्या. लांब दोरी असते, बाबांना स्वतः ओढता येईल. छातीवरच्या चेनीचा सूट जास्त ऊब धरतो, पण खांदे आखडलेल्या माणसाला त्यात शिरताना त्रास होतो. स्कूबावाला सूट स्वस्त मिळाला तरी नको. तो खोल पाण्याचा दाब सोसायला बनवलेला असतो, हात वर करताना अडतो.

शिंगाड्याच्या काट्याचं मला जास्त वाटतं. हे रबर नखानंसुद्धा चिरतं. छातीवर गुळगुळीत चकचकीत रबर असलेला सूट वाऱ्याला चांगला, पण तुमच्या कामात टिकणार नाही. दोन्ही बाजूंनी कापड असलेला घ्या आणि वरून जुनी ट्रॅकपँट, घट्ट टी-शर्ट चढवा. पायात 3 मिलिमीटरचे जाड तळव्याचे बूट हवेतच, तळाशी जुने शिंगाडे रुतलेले असतात. हातमोजे बाबांना आवडणार नाहीत, देठ कळत नाही त्यात.

तलावकाठ

भाऊ, खूप आभार. तेल चोळून वरून सूट घातला तर चालेल? आणि काही जण पाण्यात उतरायच्या आधी थोडी घेतात, गरमी येते म्हणून. बाबा कधीमधीच, पण विचारून ठेवतो. मापाचं कसं करू? छाती 36, उंची 5 फूट 4.

साकोली_ते_लाहिंच

तेलाचा पातळ थर ऊब धरत नाही. इंग्लिश खाडी पोहणारेसुद्धा चरबी लावतात ती मुख्यतः कातडी घासू नये म्हणून. व्हॅसलीन तर सूटला लावूच नका, रबर खराब होतं.

दारूचं बाबांना नीट समजावून सांगा. कातडीखालच्या नसा रुंदावतात म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते. थंड पाण्यात ती जिवावर बेतते. बोटं ऐकेनाशी झाली, बोलणं अडखळायला लागलं की सूट असो-नसो, लगेच बाहेर. ओले कपडे काढून कोरडं घोंगडं, मग गोड गरम चहा.

मापाला छाती आधी बघा, मग उंची. हात-पाय थोडे लांब झाले तर मनगटाशी, घोट्याशी सुरकुत्या पडतील, त्यानं बिघडत नाही. छाती-कंबर ढिली चालणार नाही. कोरडा घातल्यावर थोडं आवळल्यासारखं वाटलं पाहिजे, श्वास मात्र पूर्ण घेता आला पाहिजे.

धानाची_बांधी

ते पँटमधलं पाणी भरायचं ध्यानातच नव्हतं. आमच्या संस्थेत दोघं वापरतात, सांगतो त्यांना. सूट एक घेऊन चौघांत वापरता येईल का जी?

साकोली_ते_लाहिंच

चौघांची अंगकाठी सारखी असेल तरच. रोज हापशीच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत, कमरेतून दुमडून बांबूवर टाका. खांद्यांवर लटकवला तर ओल्या वजनानं ताणतो, आणि आपल्या उन्हात ठेवला तर रबर कडक होऊन तडकतं.

तलावकाठ भाऊ, बाबांची कंबर आणि वजनही लिहा. मी इथल्या दोन-तीन कंपन्यांच्या तक्त्यांत बघून सांगतो.