जुनी, स्वस्त अमेरिकन छोटी गाडी: घेताना तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव लिहा)

मंडळी, मी नाशिकला आणि गाडी घ्यायची आहे मिशिगनमध्ये, म्हणून हा खटाटोप.

लेक ऑगस्टमध्ये तिकडे शिकायला गेली. पहिलं सेमिस्टर बसवर निघालं. डिसेंबरात दोन्ही हातांत किराणा घेऊन बर्फातून दीड मैल चालून आली आणि रात्री फोन केला, "बाबा, गाडी घेऊ का?" बजेट साडेचार हजार डॉलर, आणि मिशिगनचा ६ टक्के कर त्यातच बसवायचा.

तिच्या देशी मित्रमंडळींचं एकच पालुपद: कोरोला नाहीतर सिव्हिक. या पैशात त्या मिळतात, पण पावणेदोन-दोन लाख मैल पळालेल्या. फोर्डची फोकस, शेवरोलेच्या क्रूझ आणि कोबाल्ट असल्या अमेरिकन गाड्या तेवढ्यात लाखभर मैलांच्या मिळताहेत. या आता नव्या येणारही नाहीत. छोट्या गाड्यांतून अमेरिकेत अंग काढून घेत असल्याचं फोर्डने २०१८ मध्ये सांगितलं, आणि ओहायोतल्या लॉर्ड्सटाऊनमधून शेवरोले क्रूझची शेवटची गाडी २०१९ मध्ये निघाली. म्हणजे ही जात आता फक्त जुन्या बाजारात.

स्वस्त आहेत ते ठीक. स्वस्त का आहेत, ते तुम्ही सांगा. फसला असाल तर ते आधी लिहा. कंपनीच्या नावाने शिमगा नको, काय बघायला हवं होतं तेवढं सांगा.

क्लीव्हलँडहून

फसलेल्यांत मी पहिला. गाडीचं नाव लिहीत नाही, दोष तिचा नव्हता. बर्फ वितळवायला इथे रस्त्यावर मीठ टाकतात, तसलं तेरा हिवाळ्यांचं मीठ खाल्लेली गाडी होती आणि मी ती फक्त वरून पाहिली. रंग चकचकीत, सीटा स्वच्छ, इंजिनचा आवाज शिलाई मशीनसारखा. तिसऱ्या महिन्यात गॅस स्टेशनच्या उतारावर ब्रेक दाबला तर पेडल कापसात रुतावं तसं थेट तळाला. हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कठड्याला टेकवली. ब्रेकची लोखंडी नळी मागच्या चाकापाशी सडून फुटली होती.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, मला खाली बोलावलं आणि दरवाज्याखालच्या पट्टीला अंगठा लावला. चहात बुडवायच्या खारीसारखे पापुद्रे सुटून त्याच्या बुटांवर पडले. "हे घ्यायच्या आधी बघायचं असतं," म्हणाला. बिल पाहून मलाही तसंच वाटलं.

तुमच्या लेकीची गाडी मिशिगनची म्हणजे मीठ आलंच. दरवाज्याखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, ब्रेकच्या नळ्या आणि पुढे इंजिन ज्या सांगाड्यावर बसतं तो सांगाडा, एवढं बघायला सांगा. वरवरचा तांबूस गंज तिकडे सगळ्यांनाच असतो, तो सोडा. पत्र्याला भोक पडलंय का, बोटाने दाबल्यावर आत जातोय का, ते बघा. आणि जुन्या गाडीच्या पोटाला नवाकोरा काळा लेप फासलेला दिसला तर तो कशासाठी फासला, हे आधी विचारा.

कोलंबस, ओहायो. विद्यार्थी

काका, तिला मॅन्युअल गिअर येतो का? येत असेल तर अर्धं काम झालं.

मी गेल्या वर्षी २०१४ ची फोकस घेतली, पाच गिअरची, ३,९०० डॉलरला. त्याच साइटवर तेवढ्याच मैलांची ऑटोमॅटिक फोकस त्याहून स्वस्त होती, ते बघून मी बुचकळ्यात पडलो. मग वाचलं. २०१२ ते २०१६ च्या फोकसमध्ये आणि २०११ ते २०१६ च्या फिएस्टामध्ये जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता तो आतून खरं तर दोन कोरड्या क्लचचा, कॉम्प्युटरने चालणारा गिअरबॉक्स होता. हळू चालवताना थरथरण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की फोर्डने त्या क्लचची वॉरंटी वाढवली आणि सामूहिक दाव्याची तडजोड २०२० मध्ये कोर्टाने मंजूर केली. पाच गिअरच्या मॅन्युअलला ते दुखणं लागूच नाही. इथल्या पोरांना क्लच दाबता येत नाही, त्यामुळे मॅन्युअल गाडीला गिऱ्हाईक कमी. आपण मोटार ट्रेनिंग स्कूलच्या खिळखिळ्या मारुतीवर शिकलेली माणसं, आपल्याला काय! फक्त इथे गिअर उजव्या हाताला. पहिला आठवडा मी दर सिग्नलला डाव्या हाताने दरवाजाच चाचपत होतो.

दुसरं, वीस डॉलरचा ओबीडी रीडर घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं छोटं यंत्र. १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली त्याची खोबण असते. विकणारे लबाडी अशी करतात: इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी तो रीडरने पुसून टाकतात. दिवा जातो, दुखणं राहतं. पण दिवा पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात, आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. रीडरवर "रेडीनेस" नावाचं पान असतं. तिथे तीन-चार ठिकाणी "नॉट रेडी" दिसलं तर समजा, पाटी नुकतीच पुसली आहे. बॅटरी बदलली तरी तसं दिसतं, असं विकणारा सांगेल. खरंही असेल. मग म्हणावं, आठवडाभर चालवा, मी परत येतो.

मी ज्या तीन गाड्या सोडल्या त्यातल्या दोन याच पानामुळे.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आम्ही १९९९ चे, वायटूकेच्या लाटेत आलेले. तेव्हाही हेच पालुपद होतं हो, कोरोला घ्या! खिशात पैसे नव्हते. ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या मल्याळी गृहस्थांनी बाजूला घेऊन सांगितलं, "प्रिझम शोध." शेवरोले प्रिझम. मी नाक मुरडलं.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर नुम्मीचा कारखाना होता, जनरल मोटर्स (म्हणजे शेवरोलेवाले) आणि टोयोटाची भागीदारी, १९८४ पासूनची. तिथे त्याच छपराखाली कोरोला बनायची आणि प्रिझमही. इंजिन तेच, सांगाडा तोच, नाकावर शिक्का मात्र शेवरोलेचा. त्या एका शिक्क्यापायी जुन्या बाजारात हजारभर डॉलर कमी! १९९८ ची प्रिझम मी २००३ मध्ये ३,२०० ला घेतली आणि आठ वर्षं वापरली. थोरल्याला दवाखान्यातून घरी आणलं ते तिच्यातूनच. बायको तिला शेवटपर्यंत "तुमची ती चोरून नेसलेली पैठणी" म्हणायची. का, ते मला अजून कळलेलं नाही.

प्रिझम आता सापडणं कठीण. पण पाँटिॲक व्हाइब (२००३ ते २०१०) ही तिचीच धाकटी बहीण, आतून टोयोटा मॅट्रिक्स. पाँटिॲक बंद पडली म्हणून लोक बिचकतात, पण इंजिनचे भाग टोयोटाचे असल्याने अडत नाही. नुम्मी २०१० मध्ये बंद झाली. त्याच आवारात आज टेस्ला बनतात.

जाता जाता: कॅलिफोर्नियात धुराचं, म्हणजे स्मॉगचं सर्टिफिकेट विकणाऱ्याने द्यायचं असतं, ९० दिवसांच्या आतलं. "तूच करून घे, शंभर डॉलर कमी दे" असं कोणी म्हणालं तर ते शंभर डॉलर तुमचे नाहीत, त्या गाडीच्या पुढच्या बिलाचे आहेत.

ह्यूस्टनहून

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळात आमच्या गल्लीतल्या गाड्या खिडकीपर्यंत पाण्यात होत्या. तीन महिन्यांनी आमचे हे डॅलसजवळ एक गाडी बघून आले, तिच्या किमतीवर जीव जडलेला. मी म्हटलं, सौदा करायच्या आधी मला दाखवा.

दार उघडल्याबरोबर लिंबाच्या सेंटचा भपकारा आणि त्याखाली ओल्या गोणपाटाचा वास. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा भाग करडा, आणि जो नेहमी आत गुंडाळलेला राहतो त्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ. डिकीतलं जादा चाक उचललं तर खाली बारीक वाळू. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मात्र स्वच्छ! दुसऱ्या राज्यातून फिरवून आणलेलं असणार. विकणारा म्हणाला, "आधीचे मालक बीचवर जायचे." ह्यांनी गाडीत बसल्यावर अर्धा तास अवाक्षर काढलं नाही.

व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) घालून इतिहासाचा रिपोर्ट घ्याच, पण विम्याकडे गेलंच नाही ते त्यात उमटत नाही. सीटबेल्टवर उमटतं.

शिकागो

थोडक्यात लिहितो. कोबाल्ट बघत असाल तर व्हिनचे १७ अक्षर-आकडे एनएचटीएसए या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाका, कुठलं रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) बाकी आहे ते लगेच कळतं आणि काम डीलरकडे फुकट होतं. २००५ ते २०१० च्या कोबाल्टचं किल्लीच्या स्विचचं मोठं रिकॉल २०१४ मध्ये निघालं होतं. चालत्या गाडीत स्विच घसरून इंजिन बंद पडायचं आणि मग एअरबॅगही उघडायच्या नाहीत. माणसं दगावली त्यात. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीला दुसरं काही अडकवू नका, नुसती किल्ली वापरा, असं कंपनीनेच सांगितलं होतं. मी २०१५ मध्ये घेतली, स्विच बदलून घेतला, सहा वर्षं बिनतक्रार चालली. घरच्या किल्ल्या तरी आजतागायत वेगळ्या खिशात ठेवतो. आईने दिलेलं गणपतीचं पितळी कीचेन मी तेव्हा काढलं ते काढलंच.

पुण्याहून

अमेरिकेचं मला ठाऊक नाही, पण अमेरिकन गाडी मीही स्वस्तात उचलली आहे. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं आणि दोन-चार महिन्यांत फिगोचे भाव गडगडले. २०१२ ची डिझेल फिगो, दुसरा मालक, एक लाख ऐंशी हजार. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बंद पडलेल्या कंपनीची गाडी म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ." त्याची स्वतःची शेवरोले बीट होती, जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री बंद केल्यापासून तो पोळलेला. तळेगावचा त्यांचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला, तिथून जाताना हा अजून मान वळवून बघतो.

मी उलट्या टोकाने सुरुवात केली. गाडी बघायच्या आधी नाना पेठेत गेलो. क्लच सेट, पुढचे शॉकअब, हेडलाइट, काच, बंपर, पाचेक दुकानांत भाव काढले. इंजिनचं, क्लचचं, ब्रेकचं सगळं हजर. बाहेरचा पत्रा आणि लाइट मात्र "दोन दिवसांनी या" किंवा "जुना बघून ठेवतो". मग ठरवलं, ठोकलेली गाडी घ्यायची नाही, इंजिनला चार पैसे लागले तरी चालतील. आमच्या मेकॅनिकने गाडी पाहून एवढंच म्हटलं, "साहेब, पत्रा ओरिजिनल आहे, घ्या. पण आरसा फोडू नका." चार वर्षांत तीच एक गोष्ट फुटली. आरसा जुन्या बाजारात मिळाला, रंग वेगळा.

आरटीओचा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेली चलनं, हे पैसे द्यायच्या आधी. एजंट "नंतर होईल" म्हणतो, ते नंतर कधीच होत नाही.

ॲन आर्बर

मी मिशिगनचीच. गाडीचा भाव ठरवायच्या आधी विम्याचा भाव विचारा! इथला विमा देशातल्या महागड्यांपैकी, त्यात नवं लायसन्स आणि पंचविशीच्या आतलं वय. माझ्या पहिल्या वर्षीचा विमा गाडीच्या निम्म्या किमतीइतका होता. आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र टायटलवरच्या नावाशी जुळवून बघा. "मित्राची गाडी आहे" म्हणाला की नमस्कार करून निघायचं.

टायर बघायची इथली युक्ती सांगते. एक पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, घ्यायची आणि त्यावरच्या लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत घालायची. डोकं सगळं दिसलं तर टायर संपला, चार टायरांचे चार-पाचशे डॉलर भावातून वजा करा.

पुन्हा मी, नाशिक

सगळ्यांचे आभार. काल पहिली गाडी पाहिली, म्हणजे तिने तिथे आणि मी इथे रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉलवर. जाहिरातीत "उत्तम चालते, फक्त एसीत गॅस भरायचा आहे" असं होतं. तिच्याबरोबर गेलेला मुलगा गालातल्या गालात हसला म्हणे, इथे प्रत्येक बिघडलेल्या एसीत फक्त गॅसच भरायचा असतो. तिने फोन गाडीखाली धरला, मला बराच वेळ नुसता बर्फ आणि विकणाऱ्याचे बूट दिसत होते. पट्ट्या ठीक निघाल्या. तेलाचं झाकण उघडलं, आत ताकासारखा पांढरा फेस नव्हता, तेही ठीक. मग तिने रीडर लावला.

"बाबा, पाच ठिकाणी नॉट रेडी."

विकणारा म्हणाला, बॅटरी नवीन आहे. तिने बॉनेटमध्ये वाकून बॅटरीवरचा स्टिकर वाचला: दोन वर्षांपूर्वीचा. त्याला थँक्यू म्हणाली आणि निघाली. मी इकडून काही सांगायच्या आतच.

शनिवारी दुसरी आहे, लॅन्सिंगला, २०१३ ची मॅन्युअल फोकस. आधी विम्याचा आकडा काढलाय, तिथल्या एका मेकॅनिकची १२० डॉलरला वेळ घेतली आहे. क्लच जमेल का विचारलं तर म्हणाली, "तुमच्या वॅगनारवर शिकलेय, विसरलात?" एक पेनी तिने पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे.