कारवान न् मुधोळ: जाती दोन का नावं दोन?

प्रश्न (दारव्हा)
राजेहो, रखवालीसाठी कुत्र्याचं पिल्लू पाह्यनं सुरू आहे. विकणारा म्हणते, कारवान वेगळा, मुधोळ वेगळा, म्हून मुधोळचे पैसे जास्त. दुसरा 'पश्मी' सांगते. या नावांचा अर्थ काय? कारवान म्हंजे कारवारचा का?

उत्तर १ (मोर्शी)
कारवारचा काही संबंध नाही. 'कारवान' हा फारसी शब्द, अर्थ काफिला, तांडा. यवतमाळ-वाशीमकडे तांडा म्हटलं की बंजाऱ्यांची वस्ती डोळ्यांपुढे येते. इथं अर्थ घ्यायचा तो ओझ्याच्या जनावरांसकट चालत्या जथ्याचा. त्यासोबतचा कुत्रा तो कारवानी.

मुधोळ हे गाव आहे, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात घटप्रभेकाठी. तिथं घोरपड्यांचं संस्थान होतं. मालोजीराव घोरपड्यांनी अशी एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली न् संस्थानाचं नाव कुत्र्याले चिकटलं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर 'कॅरव्हान हाउंड' लिहिलेलं असते, 2005 च्या टपाल तिकिटावर 'मुधोळ हाउंड'. कुत्रा तोच. नावापायी जास्तीचे पैसे मागणारा तुम्हाले येड्यात काढून राहिला.

उत्तर २ (उमरेड)
पश्मीत मात्र फरक आहे. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला शब्द तोच. कान, शेपटी, पायांमागं रेशमी झालर असेल तर पश्मी, अंगभर आखूड गुळगुळीत केस असतील तर कारवानी. लहान पिल्लात झालर नीट दिसत नाही, म्हणून आई-बाप पाहूनच बोली करा.

'हाउंड' म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसताच कुत्रा. 'कारवान हाउंड कुत्रा' म्हणणं म्हणजे पिवळा पितांबर.

उत्तर ३ (मोर्शी)
पिल्लाचे आई-बाप पाहताना टेप घेऊन जा. नर खांद्यापाशी 68 ते 72 सेंमी, मादी 64 ते 68. डोकं लांब-अरुंद, छाती खोल, पोट वर ओढलेलं. बरगड्या थोड्या दिसतात म्हून उपाशी समजून भाकरीवर भाकरी चारू नका. वजन वाढलं की सांध्यांवर भार येते न् पळणं जाते.

न् रखवालीचं म्हणाल तर हा नजरेनं हेरणारा, उघड्या रानात धावणारा कुत्रा. रात्री तुरीत शिरलेलं डुक्कर हुडकायले वास घेणारा, भुंकणारा पायजे. त्याले गावरानच बरा. रोही (नीलगाय) न् डुकरामागं कुत्रे सोडून हाकणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडते, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्नकर्ता (दारव्हा)
मंग पावतीवर काय लिहून घ्यू?

उत्तर २ (उमरेड)
'कॅरव्हान हाउंड', नर का मादी, रंग, जन्मतारीख न् आई-बापाचे नोंदणी क्रमांक. क्रमांक देत नसेल तर तो मुधोळ म्हणो का कारवान, भाव गावरानचाच द्या.